कानाच्या बाबतीत या चुका टाळा

एका कानाला अचानक दडा बसला, की ‘मळ असेल’ म्हणून तेल टाकत बसायचं. श्रवणतपासणीच्या कामात मी पाहिलेली ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, आणि ती माझ्याच घरात झाली.

मामा सकाळी उठले तर डावा कान बंद आणि आत शिट्टीसारखा आवाज. त्यांनी रोज रात्री लसूण घालून कढवलेलं तेल सुरू केलं. अकराव्या दिवशी मला फोन आला, तोही लग्नाच्या बोलणीसाठी. बोलता बोलता म्हणाले, "अगं, उजव्या कानाला फोन धरलाय, डाव्यात मळ बसलाय."

मी म्हटलं, "मामा, तोंड मिटून हूंऽऽ करा बघू. कुठल्या कानात जास्त घुमतंय?"

"उजव्या."

माझ्या पोटात गोळा आला. मळानं कान बंद झाला असेल तर आपला हुंकार त्याच बंद कानात जास्त घुमतो. बोटानं एक कान दाबून करून पाहा, लगेच कळेल. हुंकार चांगल्या कानाकडे गेला, तर बिघाड आतल्या कानात किंवा नसेत असण्याची शक्यता मोठी. दवाखान्यात हेच 512 हर्ट्झचा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) वाजवून, कपाळावर टेकवून पाहतात. घरच्या हुंकारावर निदान करायचं नसतं, पण धावपळ करायला तो पुरेसा आहे. अशा अचानक आलेल्या, आतल्या कानाच्या बहिरेपणावर स्टेरॉइड देतात, आणि त्याचा खरा उपयोग पहिल्या काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत होतो. मामांना त्याच संध्याकाळी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेलं. थोडं ऐकू परत आलं, बारीक आवाज मात्र गेले ते गेलेच. आज पंगतीत ते डावीकडच्या टोकाला बसतात, म्हणजे सगळे उजव्या बाजूला येतात.

दुसरी चूक म्हणजे कान कोरणं. बड, केसांची पिन, स्कूटरची किल्ली, आगकाडी, हाताला येईल ते! कानाची नळी जेमतेम अडीच सेंटीमीटर. मळ तयार होतो तो तिच्या बाहेरच्या भागात, आणि तिथली कातडी त्याला हळूहळू बाहेर सरकवत असते. काडी तोच मळ पडद्यापर्यंत ठासते. पावसाळ्यात त्यावर तेल ओतलं की बुरशीला आयतं घर. दुर्बिणीतून पाहिलं की भिजलेल्या कागदाचा लगदा दिसतो, त्यावर काळे ठिपके. तो काढायला दोन-तीन खेपा घालाव्या लागतात. मी स्वतः अंघोळीनंतर टॉवेलच्या टोकानं बाहेरची पाळी पुसते, बस्स.

वाहत्या कानात घरातली जुनी बाटली उघडून थेंब टाकू नका. पडद्याला छिद्र असेल तर जेंटामायसिनसारखं औषध आतल्या कानाला इजा करू शकतं. दुर्गंधीचा पू वर्षानुवर्षं येत असेल तर तो हाड कुरतडणारा आजार असू शकतो. ‘मोठेपणी थांबेल’ म्हणत वाट पाहू नका.

बाळाला आडवं झोपवून बाटलीनं दूध पाजू नका, ते घशामागच्या नळीतून मधल्या कानात जाऊ शकतं.

डीजेच्या भिंतीसमोर लहान मुलाला खांद्यावर घेऊन उभं राहू नका. 85 डेसिबलला आठ तास चालतात, 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं.

‘आमच्याकडे मुलं उशिराच बोलतात’ हे वाक्य ऐकलं की मला रडू येतं. ऐकू येतं का हे पहिल्या महिन्यात तपासता येतं, आणि सहाव्या महिन्याच्या आत उपचार सुरू व्हायला हवेत.

आणि ऐकायचं मशीन. तपासणी न करता ऑनलाइन मागवलेलं तर नकोच, पण मोजून-मापून घेतलेलंही लोक चौथ्या दिवशी कपाटात ठेवतात, कारण भांडी आपटल्यासारखी वाजतात. वर्षानुवर्षं शांत राहिलेल्या मेंदूला इतकी घाई सोसत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिला आठवडा घरातच, रोज दोन तास, समोर एकच माणूस बोलत असताना लावायला सांगते. लग्नाचा हॉल महिन्यानंतर.