शुक्राणू निवडीच्या तंत्रांची तुलना कशी करावी

पुरुष वंध्यत्वासाठी ‘इक्सी’ (प्रयोगशाळेत एकच शुक्राणू थेट स्त्रीबीजात टोचण्याची पद्धत) सुचवली गेली, की बहुधा त्याच भेटीत पिक्सी, इम्सी, मॅक्स, मायक्रोफ्लुइडिक चिप अशी नावे आणि त्यांचा वाढीव खर्चही समोर येतो. यांतले सर्वांत आधुनिक कोणते, हा प्रश्न बाजूला ठेवावा. कोणते तंत्र शुक्राणूचा कोणता गुण पाहून निवड करते आणि त्याच्याशी संबंधित दोष आपल्या अहवालात आहे का, हे आधी पाहावे.

त्यासाठी वीर्य तपासणी किमान दोनदा झालेली असावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेतील खालच्या संदर्भमर्यादा अशा: प्रति मिलिलिटर १.६ कोटी शुक्राणू, एकूण हालचाल ४२ टक्के, योग्य आकाराचे ४ टक्के. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागत असल्याने, मोठ्या तापानंतर लगेच केलेल्या तपासणीवरून निर्णय घेऊ नये.

स्विम-अप आणि डेन्सिटी ग्रेडियंट या मूळ पद्धती होत. पहिलीत चपळ शुक्राणू स्वतः वर पोहत येतात, दुसरीत सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे वेगाने गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, घनतेनुसार वेगळे होतात. त्यानंतर इक्सीत भ्रूणतज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली हालचाल व आकार पाहून एकेक शुक्राणू उचलतो. इम्सीत हेच काम सहा हजारपट किंवा त्याहून अधिक वर्धनाखाली होते. मॅक्समध्ये मृत्यूच्या वाटेवरील पेशी चुंबकीय कणांना चिकटवून बाजूला काढतात, तर चिपमध्ये सेंट्रिफ्यूज टाळून अरुंद मार्गिकांतून पुढे जाणारे शुक्राणू घेतात. डीएनए विखंडन, म्हणजे शुक्राणूतील डीएनएचे तुकडे होणे, जास्त असल्यास या शेवटच्या दोहोंचा विचार होतो.

पिक्सीत हायलुरोननला (स्त्रीबीजाभोवतीच्या आवरणात असणाऱ्या पदार्थाला) चिकटणारे, म्हणजे परिपक्व मानले जाणारे शुक्राणू निवडतात. तिची मोठी कसोटी ब्रिटनमध्ये २,७७२ जोडप्यांवर झाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पूर्ण दिवसांच्या जिवंत जन्माचे प्रमाण पिक्सीत २७.४ आणि साध्या इक्सीत २५.२ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या ग्राह्य ठरला नाही. गर्भपात मात्र कमी आढळले. त्यामुळे वारंवार गर्भपात झालेल्या जोडप्याने पिक्सीविषयी विचारणे रास्त आहे, पण पहिल्याच प्रयत्नात सरसकट ती घेण्याचे कारण मला दिसत नाही.

म्हणून डॉक्टरांना फलनाचे नव्हे, तर जिवंत जन्माचे आकडे विचारावेत, आणि तेही आपल्यासारख्याच रुग्णांचे. व्हेरिकोसील (वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरा), धूम्रपान, संसर्ग यांवर आधी उपचार शक्य आहेत का, हेही विचारावे. शुक्राणू अत्यंत कमी असतील, किंवा वृषणातून काढावे लागणार असतील, तर चाळणीतच ते गमावण्याची भीती असते आणि तेथे साधी इक्सीच बहुधा व्यवहार्य ठरते.

या निवडीचा मुलगा-मुलगी ठरवण्याशी संबंध नाही. त्या हेतूने शुक्राणू वेगळे करणे भारतात गर्भधारणापूर्व व प्रसवपूर्व निदान तंत्र कायद्याने गुन्हा आहे.