ठाणे खाडीतले वनस्पती प्लवक किती प्रकाश शोषतात, हे कसे मोजावे

ऐरोलीजवळ ठाणे खाडीचे पाणी पारदर्शक बाटलीत भरून उजेडात धरले, तर हिरवेपणा सहसा दिसत नाही. दिसतो तो गाळाचा मातकट रंग. त्याच पाण्यात डायटमसारखे (सिलिकाचे कवच असलेले एकपेशीय शैवाल) प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म वनस्पतिजीव, प्रकाशसंश्लेषण करत असतात, पण ते शोषतात तो निळा प्रकाश गाळ आणि विरघळलेली पिवळसर सेंद्रिय द्रव्येही शोषून घेतात. म्हणूनच प्लवकांचा वाटा वेगळा काढणे हे या मोजणीतले खरे काम आहे.

नमुना पृष्ठभागाजवळून घ्यावा, भरती-ओहोटीची वेळ नोंदवावी आणि बाटली बर्फात, अंधारात ठेवून त्याच दिवशी पाणी गाळावे. खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीत जायचे असल्यास वनविभागाची परवानगी आधी घ्यावी.

सुमारे 0.7 मायक्रॉन छिद्रांच्या काचतंतूंच्या गाळणीतून, कमी दाबफरक ठेवून, गाळणीवर फिकट तपकिरी थर बसेपर्यंत पाणी ओढावे. खाडीच्या गढूळ पाण्यात गाळणी लवकर तुंबते, तेव्हा घाई करून दाब वाढवू नये, कारण त्याने नाजूक पेशी फुटतात. किती मिलिलिटर पाणी गाळले, हे लगेच लिहून ठेवावे. ओली गाळणी स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये (प्रत्येक तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो हे मोजणारे उपकरण) ठेवून 400 ते 700 नॅनोमीटरपर्यंत शोषण मोजावे आणि तुलनेसाठी कोरी ओली गाळणी वापरावी. गाळणीच्या तंतूंत प्रकाश विखुरतो व त्याचा मार्ग लांबतो, त्यामुळे आकड्यांना मार्गलांबीची दुरुस्ती करणे आवश्यक आहे.

यानंतर गाळणीवर मिथेनॉल ओतून रंगद्रव्ये काढून टाकावीत आणि पुन्हा मोजावे. मिथेनॉल विषारी व ज्वालाग्राही असल्याने हातमोजे घालून, हवेशीर जागेतच हे करावे. दुसऱ्या मोजणीत उरते ते मुख्यतः गाळाचे शोषण, आणि दोन्हींतील फरक तो प्लवकांचा. विरघळलेल्या द्रव्यांसाठी 0.2 मायक्रॉनच्या गाळणीतून गेलेले पाणी वेगळे मोजावे.

फरकाच्या आलेखात हरितद्रव्याची दोन शिखरे शोधावीत, एक 440 नॅनोमीटरच्या आसपास आणि दुसरे 675 जवळ. मी 675 च्या शिखरावर अधिक भरवसा ठेवतो, कारण तिथे गाळाचे व पिवळसर द्रव्यांचे शोषण अगदी कमी असते. डायटम भरपूर असतील, तर 450 ते 550 मध्ये फ्युकोझँथिन या त्यांच्या तपकिरी रंगद्रव्याचा पसरट उंचवटा दिसतो. मिथेनॉलनंतरही 675 जवळ फुगवटा उरला, तर रंगद्रव्य पूर्ण निघालेले नाही असे समजून ती पायरी पुन्हा करावी. नीलहरित शैवालांची फायकोबिलिन ही रंगद्रव्ये मात्र मिथेनॉलमध्ये विरघळत नाहीत. ती गाळाच्या खात्यात जमा होतात, त्यामुळे असे शैवाल आढळल्यास गाळणी गरम पाण्यानेही धुवावी.