नगरपरिषदेत नवीन आहात? कोणता कागद कुणाला दाखवायचा, कधी आणि कसा

नगरपरिषदेच्या कामातले कायदे, हिशेबाच्या पद्धती, सॉफ्टवेअर हे सगळं हळूहळू अंगवळणी पडतं. अवघड जातं ते ओळखीच्या माणसांना उत्तर देणं. ब वर्ग नगरपरिषद म्हणजे 40 हजार ते 1 लाख लोकवस्तीचं गाव, क वर्ग त्याहून लहान. एवढ्याशा गावात ठेकेदार मामांचा वर्गमित्र निघतो, नगरसेविका ताईंनी तुमच्या मुलीला शाळेत शिकवलेलं असतं, आणि माहिती अधिकाराचे अर्ज टाकणारे काका रोज तुमच्याच गल्लीतून जातात. सकाळी घंटागाडीपाशी कुणीतरी विचारतं, "आमच्या रस्त्याचं टेंडर किती कमी दरानं गेलं हो?" आणि काहीतरी उत्तर द्यावंच लागतं.

मी आवक-जावक, जन्म-मृत्यू नोंदणी, बांधकाम परवानगी, आस्थापना अशी टेबलं फिरत कार्यालय अधीक्षकपदापर्यंत आलो. बराच काळ माहिती अधिकाराच्या अर्जांना उत्तर देणारा जन माहिती अधिकारी म्हणूनही सह्या केल्या. डिसेंबर 2025 मध्ये राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. त्याआधी कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षं प्रशासक होते. त्यामुळे सभागृहात पहिल्यांदाच निवडून आलेले सदस्य आणि टेबलावर सर्वसाधारण सभा कधी पाहिलीच नाही असे कर्मचारी, अशी स्थिती बऱ्याच ठिकाणी आहे. हे दोघांसाठी लिहितोय.

गोपनीयता सांभाळणारा आणि माहिती खुली करणारा माणूस एकच असू शकतो, किंबहुना असायलाच हवा. या दोन्ही गोष्टींचा घात होतो तो कानात सांगितलेल्या माहितीमुळे. सूचना फलकावर लागलेला कागद गावातल्या सगळ्यांना एकाच दिवशी मिळतो. चहाच्या टपरीवर सांगितलेली तीच गोष्ट एकालाच मिळते, आणि बहुतेक वेळा तो एकजण त्यातून काहीतरी कमावणारा असतो.

आधी कोण कोण आहे ते पाहू. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडून येतात, नगरसेवक प्रभागातून. मुख्याधिकारी शासनाने नेमलेले असतात. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाची चौकट साधी आहे: सभा ठराव करते, मुख्याधिकारी अंमलबजावणी करतात, आणि ठराव बेकायदेशीर वाटला तर जिल्हाधिकारी कलम 308 खाली त्याची अंमलबजावणी रोखू शकतात. नगरसेवकाचं बळ सभेत आणि समितीत असतं. एकट्या नगरसेवकाने लिपिकाला तोंडी आदेश द्यावा अशी तरतूद नाही, हे नव्या सदस्यांना पचायला जड जातं. लोकांनी आपल्याला निवडून दिलंय, मग फाईल का दाखवत नाहीत, असा राग येतो. राग समजण्यासारखा आहे, पण मूळ नस्ती म्हणजे फाईल टेबलावरून परस्पर उचलून देणं कर्मचाऱ्याच्याही हातात नसतं. नस्तीतलं एक पान गहाळ झालं तर जबाब त्यालाच द्यावा लागतो.

अशा वेळी मी शांतपणे म्हणत असे, "ताई, दोन ओळी लिहून द्या, साहेबांकडून आजच करून देतो." अर्ज मुख्याधिकाऱ्यांपुढे ठेवायचा, शेरा घ्यायचा, मग नस्ती समोर बसून दाखवायची किंवा प्रत द्यायची, आणि पोच घ्यायची. यातला "आजच" फार महत्त्वाचा. प्रक्रिया सांगून माणसाला आठवडाभर फिरवलं, तर पुढच्या वेळी तो शिपायाच्या हातून फाईलचे फोटो काढून घेणार. फाईल बाहेर जाते ती बऱ्याचदा रीतसर मार्ग संथ असल्यामुळे, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

आता कागदाचं वय. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. एकच कागद आज बंद असतो आणि महिन्याने खुला.

विकास आराखड्याचं घ्या. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 प्रमाणे आराखडा तयार करण्याचा इरादा जाहीर होतो, विद्यमान जमीन वापराचा नकाशा होतो, मग प्रारूप आराखडा बनतो आणि कलम 26 खाली तो प्रसिद्ध होऊन हरकती-सूचना मागवल्या जातात. प्रसिद्धीआधीच्या काळात नकाशावरच्या एकेका रेषेला किंमत असते. कुठल्या गटातून 18 मीटरचा रस्ता जाणार, बगीच्याचं आरक्षण कुठे पडणार, हे आधी कळलेला माणूस बेसावध शेतकऱ्याची जमीन घेऊन टाकतो किंवा स्वतःची गळ्यात मारतो. म्हणून त्या काळात नकाशाबद्दल बोलायचंच नाही, घरीसुद्धा नाही. सख्ख्या भावाचा प्लॉट त्यात असेल तर वरिष्ठांना लेखी कळवून त्या कामातून बाजूला व्हायचं.

पण प्रसिद्धीचा दिवस उजाडला की कर्तव्य उलटं होतं. तोच नकाशा भिंतीवर लावायचा, मोठा, रंग कळतील असा. गट नंबर कसा शोधायचा ते येणाऱ्या प्रत्येकाला बोट ठेवून दाखवायचं. हरकत कशी लिहायची तेही सांगायचं. हरकतीची मुदत संपेपर्यंत नकाशा कपाटात ठेवणारं कार्यालय गोपनीयता पाळत नसतं, ते लोकांचा हक्क बुडवत असतं. ज्याच्या जमिनीवर आरक्षण पडलं तो माणूस मुदतीनंतर येऊन उभा राहतो, तेव्हा त्याला द्यायला आपल्याकडे काहीही नसतं.

निविदेचंही असंच. लिफाफे उघडेपर्यंत कोण कोण भरतंय, किती भरतंय याचा शब्द नाही. काम दिल्यानंतर मात्र दर, करारनामा, मोजमाप पुस्तक (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही), देयकं हे सगळं मागता येतं. "ठेकेदाराची व्यावसायिक गुपितं" असं कारण सांगून मोजमाप पुस्तक नाकारणारी उत्तरं मी वाचली आहेत. लोकांच्या पैशाने झालेल्या रस्त्याची जाडी हे कुणाचंही गुपित नाही.

काही गोष्टी मात्र कधीच वयात येत नाहीत. जन्म-मृत्यू विभागात बसाल तेव्हा हे जपा. 1969 च्या नोंदणी कायद्याच्या कलम 17 प्रमाणे मृत्यूचं कारण कुणालाही दिलेल्या दाखल्यात उघड करता येत नाही. ते आपल्याकडे नोंदलेलं असतं, आपल्याला दिसतं, पण दाखल्यावर येत नाही. खिडकीवर चुलते येतात, वारसाचा वाद असतो, ते हळूच विचारतात, "पोरगं नेमकं कशानं गेलं, लिहिलंय ना तुमच्याकडं?" उत्तर एकच: "दाखला देतो काका, कारण सांगता येत नाही, कायद्यानेच बंद आहे." आवाज चढवायचा नाही आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. त्या नोंदीत आत्महत्या असू शकते, एखादा असा आजार असू शकतो ज्याच्या नावाने मागे राहिलेल्या बाईला गावात जगणं अवघड होईल. एका कारकुनाच्या तोंडात ते सगळं असतं. या नोकरीतली ही जबाबदारी मला नेहमी सगळ्यात मोठी वाटत आली.

तक्रारदाराचं नावही तसंच. अतिक्रमणाची तक्रार केलेल्या विधवा आजींचं नाव ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला कळलं, तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात माणसं उभी राहतात. माहिती अधिकार कायद्याचं कलम 8(1)(छ) यासाठीच आहे: ज्याने माहिती दिली त्याच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका होईल असा तपशील नाकारता येतो. तक्रारीवर काय कारवाई झाली ते सांगा, नाव झाका.

झाकणं म्हणजे अख्खी नस्ती नाकारणं नव्हे. त्याच कायद्याचं कलम 10 नव्यांनी पाठच करावं. देता येईल तेवढा भाग वेगळा काढून द्यायचा, असं ते सांगतं. घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी मागितली तर नावं, मंजूर रक्कम, कितवा हप्ता हे द्या. आधार क्रमांक, बँक खातं, मोबाईल यांवर काळी पट्टी मारा आणि का मारली ते उत्तरात लिहा. पट्टी मारलेल्या पानाची पुन्हा झेरॉक्स काढून तीच द्या. नुसतं पेन फिरवलेलं पान उजेडात धरलं की आकडे दिसतात.

वैयक्तिक माहिती नाकारण्याचं कलम 8(1)(ञ) पूर्वी सविस्तर होतं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ते अगदी आखूड केलं आहे. मला याची काळजी वाटते, कारण ज्याला नाकारायचंच आहे त्याला आता "वैयक्तिक" एवढा एक शब्द पुरेसा वाटेल. पण कलम 8(2) जागेवर आहे: व्यापक जनहित जास्त असेल तर माहिती देता येते. नाकारण्याआधी त्या कलमाचा विचार केला होता, हे नस्तीवरच्या टिपणीत दिसलं पाहिजे.

मुदतीचं थोडक्यात. माहितीच्या अर्जाला उत्तर द्यायला 30 दिवस. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर 48 तास. उशिराचा दंड दिवसाला 250 रुपये, कमाल 25 हजार, आणि तो माहिती अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून जातो. त्यामुळे साहेबांनी तोंडी "थांबव जरा" म्हटलं तरी थांबू नका. थांबायचं असेल तर तसा लेखी शेरा मागा. मोघम उत्तर देऊन वेळ मारून नेली की प्रथम अपील येतं, मग माहिती आयोगाकडे दुसरं, आणि त्याच कागदासाठी दोन-तीन वर्षं जातात.

नगरसेवकांना दोन गोष्टी वेगळ्या सांगायच्या आहेत. पहिली, विषयपत्रिकेतल्या एखाद्या विषयात तुमचा किंवा घरच्यांचा आर्थिक संबंध असेल तर सभेत उभं राहून सांगा, चर्चेतून बाहेर व्हा आणि ते इतिवृत्तात नोंदवून घ्या. पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त कायम करताना ती नोंद खरंच आली आहे का ते वाचा. अपात्रतेची प्रकरणं बहुधा अशाच न झालेल्या नोंदींवर उभी राहतात. दुसरी, प्रभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अर्धवट टिपणीचे फोटो टाकू नका. कनिष्ठ अभियंत्याने लिहिलेलं मत म्हणजे निर्णय नव्हे. ते फिरलं की पुढच्या वेळी तो अभियंता खरं मत लिहिणारच नाही, आणि नुकसान तुमच्याच प्रभागाचं होईल. ठराव झाल्यावर ठरावाची प्रत टाका, अवश्य टाका.

वार्ताहरांशी बोलण्याचं काम मुख्याधिकाऱ्यांचं किंवा त्यांनी नेमलेल्या माणसाचं. तुम्ही फक्त मंजूर ठरावाची प्रत लवकर मिळेल एवढं बघा.

रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात एक काम जरूर करा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने 17 बाबी स्वतःहून जाहीर करायच्या असतात. आपल्या विभागापुरती ती यादी काढा आणि वाचा. बहुतेक ठिकाणी बदलून गेलेल्या मुख्याधिकाऱ्यांचं नाव, जुने दर, बंद झालेले फोन नंबर सापडतील. ते दुरुस्त करायला टिपणी टाका. मग तुमच्या टेबलावर गेल्या वर्षभरात आलेले माहितीचे अर्ज चाळा आणि पुन्हा पुन्हा काय मागितलं जातं ते पाहा. पाणीपट्टीच्या थकबाकीची यादी असेल, बांधकाम परवान्यांची असेल, रस्त्यांच्या कामांची असेल. तेवढं दर तीन महिन्यांनी संकेतस्थळावर आणि फलकावर लावायची परवानगी मागा. परवानगी मिळाली की घंटागाडीपाशी विचारणाऱ्या शेजाऱ्याला सांगायला एक सरळ उत्तर हाताशी येतं: फलकावर लागलंय, बघून घ्या, काही कळलं नाही तर ऑफिसात या, समजावून सांगतो.