सायलेन्सरचा जाम नट: गॅरेजात नव्यानं आलेल्या पोरांसाठी

रिंग पाना कुठं लावायचा, फिक्स पाना कुठं, हे तुम्हाला येतंय असं धरून चालतो. सायलेन्सरच्या नटाचं मात्र वेगळंच असतं. इंजिनातून सायलेन्सरकडं जाणारा बेंड पाइप ज्या स्टडवर, म्हणजे हेडात रोवलेल्या आटेवाल्या दांडीवर बसतो, तो लोखंडाचा, आणि बहुतेक गाड्यांत हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, अॅल्युमिनियमचं. रोज तापायचं, रोज गार व्हायचं, त्यात आपल्या कोल्हापूरकडचा पाऊस. गगनबावड्याकडून येणारी गाडी बघा, भर उन्हाळ्यातही तिच्या स्टडवर गंज असतोच. 2019 आणि 2021 च्या पुरात बुडालेल्या गाड्यांचं तर विचारूच नका. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो आट्यांमधली फट भरून टाकतो आणि नट जाम होतो.

आता खरा धोका. जोर लावल्यावर नट ‘कट्ट’ आवाज करून हलला तर तो सुटतोय. आवाज न करता मऊ मऊ फिरत गेला, रबर पिळल्यासारखा, तर तो सुटत नाही, स्टड पिळला जातोय. नवख्या माणसाला नेमका तिथंच आनंद होतो, ‘आला, आला’ म्हणत तो अजून जोर लावतो आणि स्टड हेडाच्या तोंडाशी तुटतो. मऊ लागलं की हात थांबवा. पाना उलटा, घट्ट करायच्या बाजूला किंचित फिरवा, तेल सोडा, मग पुन्हा थोडा सोडवा. असं पुढं-मागं. हा फरक हाताला कळेपर्यंत माझा पहिला अख्खा पावसाळा गेला, आणि अजूनही जुन्या गाडीचा पहिला नट धरला की पोटात गोळा येतो. तुम्हालाही येईल. येऊ दे, त्या भीतीनंच हात हलका राहतो.

पाना लावायच्या आधी तारेच्या ब्रशनं आटे साफ करा, गंज सोडवणारं तेल मारा आणि जमलं तर गाडी रात्रभर तशीच ठेवा. गिऱ्हाईक घाई करतंय म्हणून ही रात्र वाचवू नका. बॉक्स पाना सहा कोनांचाच घ्या, बारा कोनांचा गंजलेल्या नटाचे कोपरे खातो.

तेलानं नाही भागलं तर गॅसनं शेक. नट जाम असेल तर नट तापवा. स्टड हेडात अडकला असेल तर त्याच्या भोवतीचं हेड तापवा, कारण अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. पण शुद्ध अॅल्युमिनियम 660 अंशांच्या आसपास वितळतं, हेडाचं मिश्रण त्याच्याही आधी, आणि ते लाल होऊन इशारा देत नाही, म्हणून ज्योत एका जागी धरायची नाही. आधी टाकी उतरवा, मारलेलं तेल पुसून काढा. यात हयगय नको.

पान्यात लांब पाइप घालून ‘मार जोर’ म्हणणाऱ्या मेस्त्रीकडं हे काम शिकू नका, तो कितीही जुना असू दे. तुमच्या हातावर हात ठेवून ‘बघ, मऊ लागतंय का’ विचारणारा शोधा. आणि ईझी-आउट, म्हणजे तुटलेल्या स्टडला भोक पाडून त्यात उलटं फिरवून तो बाहेर काढायचं हत्यार, हा शॉर्टकट मला पटत नाही. ते कडक पोलादाचं असतं, आत तुटलं की साधं ड्रिल त्याला कापत नाही.

स्टड तुटलाच तर घाबरू नका, हेड वाया जात नाही. थोडा तुकडा बाहेर असेल तर उद्यमनगरातल्या चांगल्या वेल्डरकडून त्यावर नट वेल्ड करून घ्या, बॅटरीची वायर काढून. वेल्डिंगच्या तापानंच अर्धं काम होतं. आतच तुटला असेल तर बरोबर मध्यावर सेंटर पंच मारून ड्रिल. 6 मिमीच्या साध्या आट्याला 5 मिमी आणि 8 मिमीच्या सव्वा पिचला (दोन आट्यांत सव्वा मिमी अंतर) 6.8 मिमीचं ड्रिल, मग आटे पाडायचा टॅप. आटे गेलेच तर हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसतं.

बसवताना नट नवे घ्या आणि आट्यांना उष्णता सोसणारी अँटी-सीझ पेस्ट (नट पुन्हा जाम होऊ न देणारी) लावा. पेस्टमुळं नट सहज फिरतो, म्हणून नेहमीपेक्षा थोडा कमी आवळा. बीएस-6 गाडीत ऑक्सिजन सेन्सरच्या टोकाला ती लागू देऊ नका.