एडिटरची थीम करताना आधी कॉमेंटचा रंग मोजा

कोड लिहिण्याच्या प्रोग्रामसाठी, म्हणजे एडिटरसाठी, थीम (रंगसंच) तयार करणारा बहुधा कीवर्ड (भाषेचे राखीव शब्द) आणि स्ट्रिंग (अवतरणचिन्हांतील मजकूर) यांच्या रंगांपासून सुरुवात करतो व कॉमेंटसाठी, म्हणजे कोडमधील माणसांसाठीच्या टिपांसाठी, उरलासुरला करडा रंग वापरतो. माझ्या मते हा क्रम उलटा असावा, कारण थीम वाचता येते की नाही, हे तिच्यातील सर्वांत फिक्या रंगावर ठरते.

डब्ल्यूसीएजी या वेबवरील मजकूर सर्वांना वाचता यावा यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार साध्या मजकुराचे पार्श्वभूमीशी किमान कॉन्ट्रास्ट प्रमाण, म्हणजे दोन्ही रंगांच्या उजळपणातील फरकाचे माप, ४.५:१ असावे लागते आणि वरच्या पातळीसाठी ते ७:१ लागते. काळ्यावर पांढरे अक्षर असल्यास ते २१:१ भरते. ‘हाय कॉन्ट्रास्ट’ हे नाव लावायचे असेल, तर ७ गाठायलाच हवेत. एमॅक्स या एडिटरच्या २८व्या आवृत्तीपासून सोबत येणाऱ्या मोडस थीमही हेच प्रमाण पाळतात. हे मोजताना डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नये. रंगाचा उजळपणा काढण्याच्या सूत्रात हिरव्या घटकाचा वाटा सुमारे ७१.५ टक्के, तांबड्याचा २१.३ आणि निळ्याचा अवघा ७.२ टक्के असतो. म्हणूनच काळ्यावर शुद्ध पिवळा १९.५६ भरतो, तर शुद्ध निळा २.४४ वरच अडकतो.

समजा, पार्श्वभूमीचे तांबडा, हिरवा व निळा हे तिन्ही घटक (प्रत्येक ० ते २५५ पर्यंत) ३० आहेत. त्यावर तिन्ही घटक १०६ असलेला करडा रंग देखणा वाटतो, पण प्रमाण जेमतेम ३.१ येते, ४.५ साठी १३३ आणि ७ साठी १६८ पर्यंत जावे लागते. एवढ्यावर काम संपत नाही. तीच कॉमेंट निवडली आणि तिच्यामागे (३८, ७९, १२०) असा निळा पट्टा आला, की १६८ च्या करड्याचे प्रमाण ७ वरून सुमारे ३.६ वर घसरते. त्यामुळे प्रत्येक रंग निवडलेला मजकूर, शोधात सापडलेला शब्द आणि कर्सर असलेली ओळ या तिन्हींच्या पार्श्वभूमीवर वेगवेगळा मोजावा, आणि कमी भरल्यास शक्यतो पट्टाच गडद करावा. व्हीएस कोड या एडिटरमध्ये टोकन (कोडमधील एखादा शब्द वा चिन्ह) तपासण्याची आज्ञा दिल्यास त्या शब्दाचा व त्याच्या पार्श्वभूमीचा असे दोन्ही रंग आणि त्यांचे प्रमाण एकत्र दिसते.

तांबडा आणि हिरवा यांतील फरक ज्यांना कळत नाही, त्यांच्यासाठी बदललेल्या ओळी निळ्या-पिवळ्या जोडीने दाखवाव्यात आणि सोबत अधिक-उणे चिन्हेही ठेवावीत. कॉमेंट मराठीत लिहिणाऱ्यांनी तिरप्या अक्षरांचा मोह टाळावा. देवनागरीच्या अनेक फॉन्टांना खरा इटॅलिक नसल्याने अक्षरे यंत्रवत कलंडतात आणि लहान आकारात मात्रा व अनुस्वार ओळखणे कठीण जाते.

शेवटी विंडोजमधील ग्रेस्केल फिल्टर (सगळे रंग करड्या छटांत दाखवणारी सोय) सुरू करून एखाद्या खऱ्या फाइलमध्ये मुद्दाम चूक करावी. ती केवळ तांबड्या रंगामुळे दिसत होती असे आढळल्यास तिच्याखाली नागमोडी रेघ द्यावी आणि समासात खूणही जोडावी.