बीम डायग्नॉस्टिक्समध्ये यायचंय? आधी एक पाइप घ्या

एमएस्सीला माझा विषय घनस्थिती भौतिकी होता. या क्षेत्रात आले ती इंदूरचं इंडस-2 पाहून, म्हणजे इलेक्ट्रॉन वेगाने फिरवणारं गोल यंत्र, सिंक्रोट्रॉन. 172.5 मीटरचा घेर, आणि इलेक्ट्रॉन त्यात सेकंदाला 17 लाखांहून जास्त फेऱ्या मारतात. यंत्राच्या भिंतीबाहेर बसलेल्या माणसाला बीमबद्दल, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या या झोताबद्दल, जे काही कळतं, ते फक्त ती ज्या पाइपातून धावते त्याला बसवलेल्या उपकरणांकडून. ती उपकरणं खरं बोलताहेत का, हे बघणं म्हणजे आमचं काम.

तयारी पुस्तकाने नका सुरू करू. आत 40 मिमी व्यास असलेला धातूचा पाइप घ्या. समोरासमोर दोन भोकं पाडून त्यांत तांब्याच्या छोट्या चकत्या बसवा. चकत्यांचा पाइपला स्पर्श होऊ देऊ नका. मधून एक तार ताणा, तिला 1 मेगाहर्ट्झचा सिग्नल द्या आणि चकत्यांवरचे सिग्नल ऑसिलोस्कोपवर बघा. इनपुट 1 मेगाओमवरच ठेवा, 50 ओमवर सिग्नल जवळजवळ दिसणारच नाही. आता तार अर्धा-अर्धा मिमी सरकवत दोन्ही सिग्नलची वजाबाकी भागिले बेरीज काढत जा. चकत्या लहान असतील तर 1 मिमीला साधारण 0.1 येईल. त्याच हिशेबाने 10 मिमीला 1 यायला हवं, पण येतं 0.8. रेषा कुठे वाकायला लागते ते स्वतःच्या हाताने काढलेल्या आलेखावर बघा. इंडस-2 सारख्या रिंगमधले बीम पोझिशन मॉनिटर, म्हणजे बीम पाइपात नेमकी कुठे आहे ते सांगणारी उपकरणं, याच तत्त्वावर चालतात, फक्त तारेच्या जागी बीम असते.

माझ्या पहिल्या मांडणीत तार बरोबर मध्यावर होती, तरी आकडा ती बाजूला सरकल्याचं सांगत होता. चार दिवस मी तारच हलवत बसले. शेवटी दोन्ही केबलींची अदलाबदल केली, तर चूक उलट्या बाजूला गेली! एक केबल वीतभर लांब होती. तिच्या जास्तीच्या कपॅसिटन्सने त्या बाजूचा सिग्नल खाल्ला होता. एका बाजूचा सिग्नल 2 टक्के जरी कमी आला, तरी या पाइपात 0.1 मिमीची खोटी सरक दिसते. म्हणून आकडा विचित्र आला की आधी केबली बदलून बघा, बीमला दोष नंतर द्या.

बाकीचं ओघाने येतं. बीमचा करंट मोजायला डीसीसीटी (एक खास करंट ट्रान्सफॉर्मर), तिचा आकार बघायला बीम आदळली की प्रकाश देणारे पडदे आणि सिंक्रोट्रॉन प्रकाशाचा, म्हणजे वळताना इलेक्ट्रॉन देतात त्या प्रकाशाचा, कॅमेरा. पायथन मात्र आत्ताच शिका, आणि सोल्डरिंगला कमी लेखू नका.

नोकरीचा सरळ रस्ता म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राचा ओसीईएस, म्हणजे अभियांत्रिकी पदवीधर आणि विज्ञानाच्या पदव्युत्तरांसाठीचं एक वर्षाचं प्रशिक्षण. पीएचडी करायची तर होमी भाभा राष्ट्रीय संस्थेचा पर्याय आहे. मुलाखतीला जाताना त्या पाइपचे आलेख घेऊन जा, चुकलेला आलेखसुद्धा. तो का चुकला हे फळ्यावर मांडता आलं पाहिजे.