जुनं चावीचं घड्याळ पुढे पळतंय? आधी किती पळतंय ते मोजा

बाबांचं एचएमटी जनता बऱ्याच वर्षांनी कपाटातून काढलं, चावी दिली, तर लगेच चालू झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर बारा मिनिटं पुढे! एका दुरुस्तीवाल्याने झाकण उघडलं, आतला, वेग कमी-जास्त करणारा बारीक दांडा ‘उणे’ खुणेकडे पार टोकापर्यंत ढकलला आणि पैसे घेतले. तरी घड्याळ आठ मिनिटं पुढेच. दोष त्या दांड्यात नव्हताच.

म्हणून झाकणाला हात लावण्याआधी वही काढा.

मोजणी. रोज सकाळी ठरल्या वेळी चावी पूर्ण भरा. घट्ट लागली की थांबायचं. मग मोबाइलच्या वेळेशी ताडून किती सेकंदांचा फरक आहे तेवढं लिहा. सेकंदकाटा जुळवत बसू नका, कारण बऱ्याच जुन्या घड्याळांत चावी ओढली तरी तो थांबत नाही. असं तीन दिवस करा. जनतासारखं घड्याळ सेकंदाला पाच ठोके देतं, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. त्यात नुसते शंभर जास्त पडले तरी ते वीस सेकंद पुढे जातं. त्यामुळे जुनं घड्याळ दिवसाला अर्ध्या मिनिटापर्यंत इकडेतिकडे झालं, तर त्याला माझ्या मते आजार म्हणू नये.

चुंबक. फरक मिनिटांत असेल, आणि विशेषतः अचानक सुरू झाला असेल, तर पहिला संशय याचाच. आत मागेपुढे हेलकावे घेत वेळ राखणारं बॅलन्स चाक असतं, त्याला केसासारखी बारीक, गुंडाळलेली हेअरस्प्रिंग असते. तिच्यात चुंबकत्व शिरलं की वेढे एकमेकांना चिकटतात आणि स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते. झोपाळ्याची साखळी आखूड केली की झोके भरभर पडतात, तसंच. माझं घड्याळ रात्री मोबाइलच्या चुंबकी फ्लॅपवाल्या कव्हरवर झोपत होतं. स्पीकर आणि पर्सचं चुंबकी बटणही यातलेच गुन्हेगार.

शाळेच्या प्रयोगशाळेत असतं तसलं छोटं होकायंत्र घड्याळाजवळ धरा. सुई थरथरली किंवा गर्रकन वळली, तर चुंबकत्व उतरवायला हवं. त्यासाठीचं डीमॅग्नेटायझर घड्याळाचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं; नाहीतर घड्याळजीकडे ते असतंच. घड्याळ त्यावर ठेवा, बटण दाबा, बटण दाबलेलंच ठेवून घड्याळ सावकाश फूटभर वर उचला आणि मगच बटण सोडा. घड्याळ जवळ असतानाच बटण सोडलंत, तर चुंबकत्व उलट वाढूही शकतं. माझ्या घड्याळाचं पुढे पळणं एवढ्यानेच थांबलं; मग टोकाला गेलेला दांडा परत मध्यावर आणावा लागला.

तेल किंवा मार. चुंबकत्व नाही, तरी मिनिटांचा फरक आहे? मग स्प्रिंगवर तेल चढून वेढे चिकटले असतील, किंवा घड्याळ पडल्यामुळे एखादा वेढा शेजारच्या पिनेत अडकला असेल. भिंगातून पाहिलं तर वेढे सारख्या अंतरावर फुलताना-मिटताना दिसले पाहिजेत. तसे दिसले नाहीत, तर इथून पुढे काम घड्याळजीचं. हेअरस्प्रिंगला घरच्या चिमट्याने हात लावू नका, ती एकदा वाकली की सरळ करणं भल्याभल्यांना जमत नाही. शेवटचं सर्व्हिसिंग कधी झालं हेच आठवत नसेल, तर आधी तेच करून घ्या. सुक्या तेलावर केलेली जुळवणी टिकत नाही.

दांडा. वरचं सगळं ठीक असून फरक मिनिट-दीड मिनिटाचा असेल, तरच याची पाळी. बॅलन्सच्या पुलावर, म्हणजे ते चाक धरून ठेवणाऱ्या पट्टीवर, ‘+’ आणि ‘−’ किंवा ‘एफ’ आणि ‘एस’ अशा खुणा असतात. फ्रेंच खुणांच्या स्विस घड्याळांत ‘ए’ आणि ‘आर’. आपल्याला ‘−’, ‘एस’ किंवा ‘आर’कडे जायचंय. लाकडी टूथपिकने दांडा केसभर सरकवा. सरकलेला दिसला, तर बहुधा जास्तच सरकलाय. दोन दांडे दिसले, तर ज्याला स्प्रिंगचं बाहेरचं टोक बांधलेलं आहे त्याला स्पर्श करू नका. झाकण लावा आणि पुन्हा चोवीस तास थांबा.

उरलेले दहा-पंधरा सेकंद झाकण न उघडता काढता येतात. एक रात्र घड्याळ तबकडी वर करून ठेवा, एक रात्र चावी वर करून, एक रात्र चावी खाली करून, आणि कुठल्या बाजूवर ते मागे पडतं ते लिहा. आमचं जनता चावी वर केली की पाचसहा सेकंद मागे येतं, म्हणून ते आता रोज रात्री काडेपेटीला टेकून कुशीवर झोपतं.